कस्तुराचे हात

कस्तुरा लग्न होऊन लातूरकडून चिंचवडला आली, तेव्हा चाळीमागं ज्वारीची शेतं होती आणि कंपनीचा भोंगा पार बांधापर्यंत ऐकू यायचा. नवरा ज्योतीराम शिफ्टला गेला की ती आणि शेजारच्या शालनबाई नदीवर धुणं न्यायच्या. तिथल्या गप्पा, हसणं... फार चांगले दिवस होते ते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची बोटं सुजू लागली. सकाळी मूठ वळेना, हातातून तांब्या निसटायचा. दुपारी मात्र हात जरा मोकळे व्हायचे, आणि तिथंच घात झाला.

"कामाच्या वक्ताला बरा दुखतो गं हात!" सासू गोजाबाई म्हणायच्या.

एका डॉक्टरांनी ताकदीची सुई टोचली. दुसरे हसून म्हणाले, "माहेरी जाऊन या, बरं वाटेल." हळूहळू कस्तुरालाच वाटायला लागलं, आपण खरंच सोंग तर करत नाही?

शेवटी शालनबाईंनी तिला ओढतच डॉ. चारुलता आगटेंकडे नेलं. दवाखाना कसला, राहत्या घराची पुढची खोली. डॉक्टरबाईंनी तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, "सकाळी वेणी कोण घालतं तुमची?"

कस्तुराच्या डोळ्यांना धाराच लागल्या. वेणी शालनबाई घालायच्या, सासूच्या नकळत.

पुण्याहून रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाई म्हणाल्या, "हा संधिवात आहे. मुळापासून जाईल असं खोटं सांगणार नाही. पण दुखणं खरं आहे तुमचं. आपण दोघी मिळून त्याला आवरू."

जन्माचं दुखणं पदरात पडूनही कस्तुरा त्या दिवशी हलकी होऊन घरी आली.

पुढच्या आठवड्यात बाई सकाळीच कस्तुराच्या खोलीवर आल्या. त्यांनी गोजाबाईंचा हात धरून सुनेच्या सुजलेल्या सांध्यांवर ठेवला.

"अगं बया, लईच तापलंय की!" म्हातारी पुटपुटली. दुसऱ्या दिवसापासून सून उठायच्या आत ती हात शेकायला पाणी तापवून ठेवू लागली. ज्योतीरामनं सुट्टीच्या दिवशी विटा आणून उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा बांधला.

सगळं काही सुरळीत झालं नाही. एका औषधानं पोटात आग पडली. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. पुढं काय करावं ते बाईंना कळेनासं झालं, तेव्हा त्यांनी तसं कबूल केलं आणि स्वतः बसनं तिला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथं कस्तुरा अडखळली की म्हणायच्या, "सांगा, सगळं सांगा."

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बाई मुलाकडे नागपूरला जायला निघाल्या. तोवर शेतांच्या जागी वर्कशॉपं उभी राहिली होती. गोजाबाईंनी त्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं. निघताना बाई म्हणाल्या, "नवा डॉक्टर घाईत असेल. त्यानं ऐकून घेतल्याशिवाय उठू नका."

नवा डॉक्टर तरुण होता. तिचं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. कस्तुरा स्टुलावरून हलली नाही.

"थांबा डॉक्टर," ती म्हणाली, "माझं सांगून व्हायचंय अजून."

त्यानं पेन खाली ठेवलं.