एरंडेल लावलेली सीट

चाकणच्या ज्या कंपनीत मी कामाला आहे, तिथे गाड्यांच्या सीट बनतात. लवकर खराब झालेल्या लेदरच्या सीटची कव्हरं तक्रारीसोबत माझ्या टेबलावर येतात. कव्हर बघायचं आणि कारण लिहायचं, चूक कंपनीची की वापरणाऱ्याची. कंपनीची निघाली तर नवीन सीट मिळते. अकरा वर्षं हेच करतोय. बहुतेक वेळा चूक वापरणाऱ्याचीच निघते. कुणी मागच्या खिशात किल्ल्या ठेवून बसतो, कुणी फरशीच्या फिनेलने सीट पुसतो. आधी मला अशा लोकांचा राग यायचा. आता नुसता शीण येतो.

गेल्या उन्हाळ्यात एक खोका उघडला आणि एरंडेलाचा वास आला. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर होतं. रंगाचे पापुद्रे सुटले होते, दारालगतची कड तर पार उघडी पडली होती. गाडी अवघी दोन वर्षांची. कागद वाचायच्या आधीच मला कळलं, हे आमच्या वडिलांचं काम.

वडील पिंपरीत कारखान्यात राबले. आम्ही लहान असताना दर रविवारी सकाळी संत तुकाराम नगरच्या घरासमोर बसून ते चपलांना एरंडेल चोळायचे. आधी आईच्या, मग स्वतःच्या, मग आमचे शाळेचे बूट. त्यांची एक कोल्हापुरी पंधरा वर्षं टिकली. रिटायर झाल्यावर त्यांनी हट्टाने लेदरच्या सीटची गाडी घेतली, कारण त्या सीट आमच्या कंपनीच्या. माझा पोरगा बनवतो, असं शेजारीपाजारी सांगून झालं. मी बनवत नाही, फाटलेल्या तपासतो, हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नाही.

चपलेचं कातडं तेल पितं. गाडीच्या लेदरवर मात्र रंगाचा पातळ थर असतो. तेलाने तो मऊ पडतो आणि सुटतो. दर रविवारी, दोन वर्षं. अति तिथे माती, दुसरं काय!

दोन दिवस ते कव्हर टेबलाखाली ठेवलं. रंगात दोष, असं लिहिलं असतं तरी कुणी विचारणार नव्हतं. पण मग त्यांनी नव्या सीटलाही एरंडेल लावलं असतं. शेवटी 'वापरातली चूक' लिहून सही केली आणि संध्याकाळी बसने त्यांच्याकडे गेलो.

माझं खरं काम, मी लिहिलेलं कारण, रंगाचा थर, तेल, सगळं समजावून सांगितलं. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर लिहिलंस. माझीच चूक हाय," ते म्हणाले.

आई चहा ठेवून गेली. मग ते हळूच म्हणाले, "पण दर रविवारी तू हितं आलास की परत कुरुळीला तुझ्या घरी सोडाय येत हुतो की मी. शेजारीच बसायचास. तेलाचा वास येत न्हवता व्हय?"

येत होता. पहिल्याच रविवारी आला होता. आठवडाभर लोकांच्या सीट बघून विटलेलो असायचो, सुट्टीच्या दिवशी तरी तो विषय नको म्हणून डोळे मिटून घ्यायचो. मी झोपलोय असं समजून ते गाडी सावकाश चालवायचे.