सही झालेलं पान

प्रशिक्षणाच्या वर्गात तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. पायाला भिंगरीच! प्रश्न विचारायचा आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच देऊन मोकळं व्हायचं. अकरा वर्षं कुरिअरच्या ऑफिसात काउंटर सांभाळलेला, तिथे घाईचं कौतुक व्हायचं. चौतिसाव्या वर्षी बाई इंग्रजीची शिक्षिका व्हायला निघाली, पण सवय का काउंटरवर ठेवून येता येते?

प्रत्येक सराव पाठानंतर वहीत एक पान लिहायचं असे: आज मी काय शिकले, कुठे चुकले, पुढे काय सुधारेन. मार्गदर्शक बाई वर्गात मागे बसून पाठ बघत आणि मग त्या पानावर सही करत. वीस पाठ, वीस पानं. पहिली चार-पाच तिने अगदी मनापासून लिहिली. मग तिच्या लक्षात आलं की सगळ्यांची पानं एकसारखीच असतात आणि मार्कही तेवढेच पडतात. झालं, ती पाठाच्या आधीच, बसमध्ये मांडीवर वही ठेवून लिहायला लागली. ‘मुलांनी आनंदाने सहभाग घेतला. फळ्याचा वापर अजून नेटका हवा.’ चूकसुद्धा आधीच ठरलेली, दिसायला बरी अशी.

विसावा, शेवटचा पाठ गुरुवारी होता. नणंद ज्या शाळेत शिकवायची तिथे इंग्रजीची एक जागा रिकामी झाली होती आणि तिने तिथे शब्द टाकून ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वीस सह्यांची वही पोचली तर जागा हिची, नाहीतर दुसरी कोणीतरी टपून बसलेलीच होती.

सकाळी मार्गदर्शक बाई जिन्यातच भेटल्या. “अहो, मला हेडसरांनी मीटिंगला बोलावलंय. पाठ तुम्ही घ्या. वही इकडे द्या, सही आत्ताच करून टाकते.” त्यांनी पान वाचलंही नाही. पाठ व्हायचाच होता आणि सही झालीसुद्धा! घाईबाई हवेत तरंगतच सातवीच्या वर्गात शिरली.

प्रकट वाचन होतं. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली, स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेणारी. दुसऱ्याच ओळीत एका शब्दापाशी अडली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच गाडी रुतली. तिसऱ्यांदा तो शब्द असा काही वेडावाकडा बाहेर पडला की वर्ग खो खो हसला. आणि घाईबाईही हसली, चांगली फिस्सकन हसली. मग म्हणाली, “असू दे, बस खाली. पुढे कोण वाचतंय?”

मुलगी रडली-बिडली नाही. तिने पुस्तक मिटलं, दप्तरात ठेवलं आणि घंटा होईपर्यंत रिकाम्या बाकाकडे बघत राहिली. घंटा झाल्यावर घाईबाई धावली, पण तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

शिक्षकांच्या खोलीत ती दोनदा पाणी प्यायली. जिना उतरली, परत चढली. वही उघडली. ‘मुलांनी आनंदाने सहभाग घेतला’ आणि खाली ती सही. कुणी पाहिलं? चाळीस पोरांनी. पण पोरांना विचारतंय कोण? जागा तर हातात येऊ दे, मग जन्मभर मायेने शिकव की बाई! असं तिने स्वतःला तीन वेळा बजावलं. चौथ्यांदा सरळ त्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘आज एक मुलगी वाचताना अडली. वर्ग हसला. मीही हसले.’ पुढे काय सुधारेन, तेही लिहायचं होतं. पेन काही हलेना.

मीटिंगहून आलेल्या मार्गदर्शक बाईंनी या वेळी पान वाचलं.

“सही झाली होती ना? मग कशाला उकरून काढलंत?”

“बाई, मला चैन पडेना.”

“तुम्हाला चैन पडत नाही आणि गोत्यात मी! पाठ न बघता सही केली, हे आता वर कळणार.” त्यांनी आपल्याच सहीवर काट मारली. “सोमवारी परत पाठ घ्या. त्याच वर्गावर.”

“पण उद्या शुक्रवार…”

“मग मी काय करू?”

खरं सांगायचं तर बाई पाठीवर हात ठेवतील, अशी तिला आशा होती. भलतीच आशा!

संध्याकाळी ती नणंदेच्या दारात उभी राहिली. नणंद पेपर तपासत होती. “आण वही,” म्हणाली. मग सगळं ऐकलं आणि भडकली. “वेडी की खुळी तू? एका हसण्यापायी जागा घालवलीस? मी शब्द टाकला होता गं, आता तिथे तोंड कसं दाखवू?”

“ताई, तुम्ही कधी हसलात असं?”

“एकोणीस वर्षं शिकवतेय, हसले असेन की!” नणंदेने पेपर पुढे ओढला, पण लाल पेन तसंच हातात राहिलं. “एक होती. नंतर वर्षभर वाचायला उठलीच नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? पोर्शन संपवला.”