पुडी मी फाडायचे

बाबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली, पण तंबाखूची पुडी त्यांनी फारशी कधी हातात धरली नाही. ते काम माझं होतं.

आमचं घर इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, मिलच्या भोंग्यावर उठणारं आणि जेवणारं. बाबा मिलमध्ये साच्यांवर होते, म्हणजे मागांवर कापड विणायचे. तिथे हवेत कापसाचे तंतू उडत असायचे, एक ठिणगी पडली तरी सगळं खातं पेटलं असतं, म्हणून फाटकावरच काडेपेटी काढून घेत. बिडी बंद म्हटल्यावर माणसं तंबाखू मळायची, गालात धरायची आणि पाळी संपेपर्यंत उभी राहायची. तंबाखू न खाणारा साचेवाला मी लहानपणी एकही पाहिला नाही. आणि पुडी आत न्यायची नाही हा खात्यातल्या जुन्या लोकांचा दंडक होता. कागदाचा कपटा सुतात गेला तर कापड बिघडतं. म्हणून प्रत्येकाच्या खिशात डबी. दोन तोंडांची, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना.

बाबांची डबी पितळेची होती. नाक्यावरच्या दुकानातून पुडी आणायची, फाडायची, डबी भरायची आणि पावणेसातला बाबांच्या हातात द्यायची, हे सगळं मी चौथीत असल्यापासून करत होते. त्यात कसब होतं बरं का. फार चेपली तर तंबाखूचा भुगा होतो, सैल भरली तर मिलपर्यंत अर्धी खिशात सांडते. बाबा डबी कानाशी धरून हलवायचे. आवाज आला नाही की म्हणायचे, "वा, आमची जॉबर! एकदम बढिया काम." जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा ते एवढे खूश झालेले मला आठवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही झाले नव्हते.

मला वाचायचं वेड होतं. शेव बांधून आलेला कागदसुद्धा मी सुरकुत्या काढून वाचायचे. तेव्हा पुडीही वाचलीच. पुढे मिशीवाला पहेलवान, दंड फुगवून उभा. मागे, अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ: तंबाकू चबाना स्वास्थ्य के लिए हानिकारक है. आणि पुडी फाडायची खूणही नेमकी तिथेच छापलेली. रोज सकाळी मी ती ओळ मधोमध फाडायचे. अर्धी एका हातात, अर्धी दुसऱ्या हातात, मग दोन्ही तुकडे सिगडीत.

मला त्याचा अर्थ कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही. हानिकारक हा शब्द आमच्या धड्यात होता, गढूळ पाण्याच्या. पण पुस्तकात तर नखं कापावीत, उन्हात खेळू नये असंही लिहिलेलं असायचं. बाबांना कधी काही झालं नव्हतं. आणि त्या मिशीवाल्याच्या दंडाकडे बघून ती ओळ कोण खरी मानणार?

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दोन, मग एके दिवशी भोंगा वाजलाच नाही. फाटकावर नोटीस लागली, खाटेएवढ्या फळ्यावर, रस्त्यापलीकडून वाचता येईल अशा अक्षरांत. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, मिलचाच शर्ट घालून ती वाचायला जायचे. परत येऊन आईला सांगायचे, "अभी वही है. काही बदललं नाही." आई म्हणायची, "अहो, बदललं तर कोणीतरी सांगेलच ना." तरी ते जायचेच. एक महिना गेला, मग वर्ष गेलं. आजूबाजूला लोकांनी पोह्यांच्या गाड्या टाकल्या, टेम्पो चालवायला घेतले, काही जण गावी परतले. बाबांना कापडाशिवाय काही येत नव्हतं. त्यांचा भोंगा गेला, पाळी गेली, सोबतची माणसं गेली. राहिली फक्त पावणेसातची डबी. तीही आता दुपारी पुन्हा भरावी लागायची.

मी आठवीत असताना शाळेत एक बाई आरोग्यावर बोलायला आल्या. त्यांनी भिंतीवर तोंडाच्या आजाराचा तक्ता टांगला. पोरी किंचाळल्या. मला मात्र तक्त्यावरचा तो गाल दिसत होता आणि त्याखाली माझीच फाडलेली ओळ दिसत होती. घरी येताना ठरवलं, आज सांगायचं.

नाही सांगता आलं. आपल्या बाबांना हे कसं सांगतात, मला माहीत नव्हतं. मी शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी डबी अर्धीच भरली.

बाबांनी कानाशी धरून हलवली. खुळखुळ वाजली. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, ओरडणार. ओरडले असते तर फार बरं झालं असतं, मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं आणि त्या भांडणात सगळं बाहेर आलं असतं. भांडायला मी कधीच कमी नव्हते. पण ते हसले. म्हणाले, "काय जॉबर, तुम्हीपण छँटनी चालू केली का?"

छँटनी म्हणजे कामगार कमी करणं. मिलमध्ये तो शब्द ऐकला की माणसांचे चेहरे उतरायचे. बाबा हसत होते आणि उघड्या डबीत बघत होते. मी डबी त्यांच्या हातातून ओढून घेतली, आत गेले आणि अंगठ्याने दाबून दाबून काठोकाठ भरली. पुन्हा कधी मी ती कमी भरली नाही.

आता पुडीवर सडलेल्या गालाचा फोटो असतो, अर्ध्याहून जास्त जागेत. आमच्या पलासियाच्या ऑफिसात एकदा त्यावरून वाद निघाला. एक साहेब म्हणाले, "अरे यार, एवढा मोठा फोटो कशाला? खाणारा खातोच. कोण वाचतं ते?" मी इतक्या जोरात म्हणाले, "मी वाचलं होतं," की चहावाला दारातच थांबला.

बाबांच्या आजाराची पहिली खूण शेवेची. इंदूरचा माणूस आणि शेव तिखट लागते म्हणून तक्रार करतो, हे कोणी ऐकलंय का? बाबा पोह्यांवरची शेव बाजूला सारायला लागले. दुकानदाराने मिरची वाढवली म्हणाले. आईने दुकान बदललं. मग दुसरंही बदललं. मग ते शेव चहात बुडवून खायला लागले, आणि आई म्हणाली, रिकाम्या माणसाच्या जिभेला नखरे सुचतात. ते वाक्य तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एक दिवस पोळीचा घास तोंडात जाईना एवढं त्यांचं तोंड आखडलं, तेव्हा मी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते. टॉर्च मारून गालात पाहिलं, बोटाने चाचपलं, आणि हातमोजे काढता काढता जरा चिडूनच विचारलं, "बाबूजी, पुड़िया पर लिखा रहता है. कभी पढ़ा नहीं?"

बाबा ताठ बसले. त्यांचा आवाज तेव्हा जड झाला होता, तरी त्यांनी शब्द नीट लावला. "पुड़िया तो मैंने देखी ही नहीं, साहब. डिब्बी मेरी बिटिया भरती है. बचपन से." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. किती अभिमानाने दाखवलं! जणू मी साच्यांचं खातं एकटीने चालवते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. ते कागदावर लिहीत राहिले. त्या क्षणी मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी हरकत घेतली नसती.

ऑपरेशनमध्ये गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला, जीभही बरीचशी गेली. बाबांचं बोलणं कायमचं थांबलं. मी माळ्यावरून माझी शाळेतली पाटी काढून दिली, त्यावर ते लिहायचे. पाणी. उशी. पंखा. लाईट गेली का.

घरी आणल्यावर आठवडाभराने, सकाळी, त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. घड्याळात पावणेसात वाजले होते. मला ते बघवलं नाही. मी खाटेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पुडीवर ओळ असायची बाबा. मी रोज वाचायचे. मला अर्थ कळत होता. त्या दिवशी डबी अर्धी भरली ती त्यासाठी. तुम्ही हसलात आणि मी घाबरले. मला सांगायचं होतं.

रडून रडून माझं नाक वाहत होतं. बाबांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "केवढी?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, ओळ केवढी होती ते विचारताहेत. मी करंगळीच्या नखाची कड दाखवली. त्यांनी माझी करंगळी धरून ती कड बराच वेळ पाहिली. रोज सकाळी फाटकावरचा तो खाटेएवढा फळा वाचायला जाणारा माणूस.

इतक्यात आतून भांड्यांचा आवाज आला, आई पेज गाळत होती. बाबांनी घाईघाईने "केवढी" पुसलं आणि त्यावर लिहिलं, "आईला सांगू नको."

मी वाचलंय एवढं पाहिलं आणि शर्टाच्या बाहीने तेही पुसून टाकलं. आई वाटी घेऊन बाहेर आली. म्हणाली, "अहो, काय लिहिलंत?" त्यांनी कोरी पाटी तिला दाखवली.

बाबा त्यानंतर पाच महिने जगले. आई पुढे बरीच वर्षं होती, आणि तेवढी वर्षं ती शेवेचं ते एक बोलणं उगाळत स्वतःलाच दोष देत राहिली. मी समोर बसून ऐकायचे. बाबांनी सांगितलं होतं म्हणून मी तिला पुडीवरच्या ओळीबद्दल शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.