टेबलावरची घंटा

दादरच्या दवाखान्यात काल कुणीतरी टेबलावरची घंटा टिंग्‌कन वाजवली आणि मी एकदम शाळेच्या दिवसांत जाऊन पोहोचले.

शाळांच्या प्रश्नमंजूषेत प्रत्येक संघात एक हुशार, एक मध्यम आणि एक कच्चा विद्यार्थी घ्यायचा नियम होता. कच्ची मी. बरोबरी झाली आणि शेवटचा प्रश्न कच्च्यांसाठीच आला, "सर्वांत तापलेला ग्रह कोणता?" आमच्यातली हुशार नीला बाकाची कड घट्ट धरून बसली होती, तिला बोलायची मनाई होती. मी घंटा दाबली. "बुध!"

चुकलं. आम्ही हरलो.

"रडू नकोस गं, मीही बुधच म्हटलं असतं," नीला म्हणाली. केवढं हायसं वाटलं मला!

काल मात्र त्या स्पर्धेच्याच दिवशी सकाळची नीला आठवली. चाळीच्या जिन्यात मला बजावत होती, "बुध सूर्याजवळ आहे म्हणून फसू नकोस हं. शुक्र!"