मामांनी क्लब घेतला

घरांच्या आणि जमिनींच्या किमती काढून देणं हा माझा धंदा. भूगावात एका खोलीचं ऑफिस आहे. कर्ज देण्याआधी बँकेला फ्लॅटची खरी किंमत हवी असते. मी टेप घेऊन जाते, फोटो काढते, आजूबाजूचे दोन-तीन व्यवहार बघते आणि आकडा लिहून देते. त्यामुळे एका दुपारी कासार आंबोलीचे माझे मामा ऑफिसात येऊन बसले, तेव्हा मला वाटलं, जमिनीचा आणखी एखादा तुकडा विकायला काढला असेल.

मामांनी आधी पाणी मागितलं, मग म्हणाले, "पोरी, मला फुटबॉलचा क्लब घ्यायचाय. वाजवी किंमत काढून दे."

मी हसले. मामा हसले नाहीत.

रस्त्यालगतची जमीन विकून मामांकडे बरे पैसे आले होते. मागचं दोन एकराचं माळरान मात्र त्यांनी एका निवृत्त पी.टी. शिक्षकांना भाड्यानं दिलेलं. त्या सरांचा क्लब तिथं खेळायचा. लवळ्याच्या कॉलेजांतली मुलं होती, आणि डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलींची एक टीम होती. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना क्लबचा व्याप झेपेना, आणि त्यांनी तो विकायला काढला. मामा गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी बांधावर बसून खेळ बघत आले होते. ऑफसाइड त्यांना अजून पटलेलं नव्हतं. "गडी पुढं पळाला तर शाबासकी द्यायची, का शिट्टी मारायची?" हा त्यांचा सवाल कायम असायचा.

मी कामाला लागले. फ्लॅट असता तर शेजारच्या बिल्डिंगमधला भाव विचारला असता. मुळशीत आजवर कुणी फुटबॉल क्लब विकला असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग उत्पन्नावरून काढू म्हटलं. सरांनी वही पुढे केली. वीकेंडला बंगल्यांवर येणाऱ्यांच्या पोरांची फी जमेला, बाकी सगळा खर्च. दर वर्षी तोटा. या हिशेबानं सरांनीच मामांना पैसे द्यायला हवे होते. शेवटी सामान मोजलं. लोखंडी गोलपोस्टची एक जोडी, एक पत्र्याची शेड, फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायची गाडी आणि सव्वीस चेंडू, त्यातले हवा धरणारे नऊ. लीगची नोंदणी धरून जेमतेम दोन लाख.

सर म्हणाले, "बारा."

मामा म्हणाले, "दीड. अन् वर एक पोतं इंद्रायणी."

"बारा लाख कशाचे, सर?" मी विचारलं.

मामाही पुढे सरसावले. "जमीन माझी. गवत माझं. पाणी माझ्या बोरचं. मग तुमी इकताय तरी काय?"

सर चिडले नाहीत. "उद्या सकाळी सहाला मैदानावर या. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मामा, मी आणि सर बांधावर बसलो. पौडच्या बाजूनं धुकं होतं. आधी मुलींची टीम आली, वाडीवरून तासभर चालत. बुटांच्या जोड्या गळ्यात अडकवलेल्या, चिखलानं खराब होऊ नयेत म्हणून. मग हॉस्टेलची मुलं मोटारसायकलींवर, एकेका गाडीवर तिघं. मामांनी बोटांवर मोजली. एकतीस जण. आम्ही बांधावरच्या झाडाआड होतो, त्यांना दिसलो नाही. कुणी न सांगता त्यांनी मैदानाला फेऱ्या सुरू केल्या. मुलींची कॅप्टन सगळ्यांवर ओरडत होती, मुलं मुकाट्यानं ऐकत होती.

"काल मी सगळ्यांना सांगितलं होतं, उद्या मी येणार नाही, सुट्टी," सर हळूच म्हणाले. "तरी आलेत. हे विकतोय मी."

मला ते एकदम पटलं. मी मनातल्या मनात आकडा वाढवायला घेतला, तेवढ्यात मामा म्हणाले, "म्हंजी तुमच्याबिगर बी येत्यात व्हय? मग तुमाला पैसं कशाला द्यायचं?"

सर इतके हसले की गुडघा धरून बसले. माझी मात्र पंचाईत झाली, कारण दोघांचंही बरोबर होतं.

दोन दिवस विचार करून मी कागद तयार केला. पाच लाख. तीन आत्ता, उरलेले दोन लाख एका वर्षानं, दोन्ही टीम तेव्हाही मैदानात उतरत असतील तर. तोवर सरांनी आठवड्यातून दोनदा शिकवायला यायचं. आयुष्यात इतकी खाडाखोड मी एकाही रिपोर्टवर केली नव्हती.

सही करायला मामांच्या ओसरीवर बसलो. मामांनी कागद वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि खांद्यावरचं उपरणं सरांच्या हातावर टाकलं. बैलबाजारात दलाल असे कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. कापडाखाली हालचाल सुरू झाली. सर एकदा "नाही हो" म्हणाले, एकदा त्यांना गुदगुल्या झाल्या. मामी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबलेली. ती म्हणाली, "आवरा आता, च्या निवाया लागला."

उपरणं निघालं. "साडेपाच," मामा म्हणाले. "तुझी अट हाय तशी."

"अर्धा कशाचा वाढला?"

"चढवला मीच. माणूस इमानदार हाय. अन् पाचात मिळाला आसता तर मला रोज वाटलं आसतं, फसवलं सरांना."

वाजवी किमतीची ही व्याख्या मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवली नव्हती. मी मुकाट्यानं आकडा बदलला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

मालक म्हणून मामांची पहिली मॅच पुण्यात झाली. मुलींची टीम तीन-एकनं हरली. संध्याकाळी मामांचा फोन आला, मागे पोरींचा नुसता कल्ला.

"हरलो," ते आनंदानं ओरडले. "पन आपला गोल बघायला पायजे हुतीस तू! आता मिसळ खातोय समदी. थांब, कॅप्टनला देतो, तीच सांगंल."