डब्यावरचं नाव

चाकूरच्या शिवकन्येनं खपून खपून यंत्रमानव घडवला होता. लातूरच्या एका क्लासच्या वसतिगृहात, गावाकडून एसटीनं आलेले पोरांचे डबे तो खोल्यांवर पोचवायचा. आज तो डबाचोर म्हणून कोर्टात उभा होता. गुन्हा शाबीत झाला, तर थेट भंगारात जाणार होता.

"आरोपीचं काय म्हणणं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"डबा द्या," आरोपी म्हणाला.

सगळं कोर्ट हसलं. फिर्यादी वैजनाथ मात्र तापला. "साहेब, माझं पोरगं उपाशी अन् ह्यो रोज दुसऱ्याच पोरीला डबा द्यायलाय!"

"ठेचा लई भारी व्हता," साक्षीला आलेली पोरगी, कावेरी, पुटपुटली.

शिवकन्या उठली. "साहेब, नाव असेल त्यालाच डबा द्यायचा, एवढंच मी त्याला शिकवलंय. तुमचाच देऊन बघा की."

न्यायाधीशांनी डबा दिला. यंत्रमानवानं झाकण डोळ्यांपुढं धरलं. "गणपतराव कोण?"

"आमचे सासरे," न्यायाधीश ओशाळले. "लग्नात त्यांनीच दिलेला."

मग वैजनाथचा डबा आला. पोचे पडलेला, किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेला.

"कावेरी," यंत्रमानवानं वाचलं.

वैजनाथनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझ्या आईचं नाव हाय. भूकंपात गेली ती. रोज हातात असतो डबा, पर नावाकडं ध्यानच न्हाई."

आरोपी निर्दोष सुटला. वैजनाथ त्याच्यापुढं डबा धरून म्हणाला, "अजून एकदा वाच, बाबा."

यंत्रमानवानं खणखणीत वाचलं. शिवकन्या ताठ मानेनं ऐकत राहिली.