तो तिला फूल देतो
आमचे हे आयुष्यात ज्याच्यावर सगळ्यात जास्त जळले, तो माणूस नव्हताच. ते एक सर्वनाम होतं.

हे कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवून देतात. दुकान दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढं, पण हातात कला आहे. बोलण्याच्या नावाने मात्र तोंडालाही कुलूपच. मला 'अगं' म्हणतात, मी त्यांना 'अहो' म्हणते आणि चारचौघांत 'हे'. एवढ्यावर आमचा संसार झाला, मुलगी मोठी झाली.

स्वभाव मूळचाच जळका. एकदा दंतवैद्याने माझ्या दातांचं कौतुक केलं, तर पुढच्या वेळी ह्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाचा दवाखाना शोधून काढला. वर, 'तिथे गर्दी कमी असते' म्हणे. कबूल काही करायचे नाहीत. नुसती हातातली कानस जोरजोरात चालायची. किल्लीवर कानस करकरली की मी ओळखायची, आज कोणीतरी माझ्याशी हसून बोललंय.

मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घर मला खायला उठलं, तेव्हा मी नोकरी धरली. आमच्या कचेरीत यंत्राला मराठी वाक्यं बनवायला शिकवतात. मॅडम नियम लिहितात. वाक्याचे आधी दोन तुकडे, कोणाबद्दल बोलायचं आणि काय बोलायचं. मग त्या तुकड्यांचे तुकडे, थेट सुट्या शब्दांपर्यंत. त्या नियमांनी यंत्र वाक्यं जुळवतं, शब्दांच्या जागा बदलून बघतं. ती वाक्यं मोठ्याने वाचायची आणि माणसं असं बोलतात का ते सांगायचं, हे माझं काम. बोलण्याचे पैसे मिळतात हे ऐकून माझी बहीण पोट धरून हसली.

पहिलंच वाक्य आलं, 'तो तिला फूल देतो.' चार शब्द, चोवीस रचना. कागद घरी आणला आणि कपड्यांना इस्त्री करता करता वाचायला लागले. "तिला तो फूल देतो. फूल तो तिला देतो. देतो तिला तो फूल."

समोर, घरी आणलेल्या किल्लीवर, ह्यांची कानस करकरली.

"तो कोण?"

"कोण तो?"

"फूल देणारा."

"अहो, कोणी नाही. सर्वनाम आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीही."

"कोणीही कसा? कोणीतरी असणारच ना! आणि ही फूल घेणारी?"

"तीही कोणीही."

"हं."

मला हसू आवरेना, आणि नसती हौस म्हणून मी शिकवायला गेले. "मराठीत शब्दांच्या जागा बदलल्या तरी वाक्य सहसा मोडत नाही. पण क्रियापदाला चिकटून जो बसतो ना, त्याच्यावर जोर येतो. 'तिला तो फूल देतो' म्हणजे फूलच देतो, दुसरं काही नाही. आणि 'फूल तिला तो देतो' म्हणजे..."

"तोच देतो. दुसरं कोणी देत नाही," हे म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेले. "अहो, तो म्हणजे तुम्हीच समजा की."

"मी कसा? मला तू 'हे' म्हणतेस. 'तो' म्हणशील?"

व्याकरणाने त्यांचं बरोबर होतं.

खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्या झाल्या. या वयात आपल्यावरून कोणी जळतंय! पण पुढे त्याचा जाच झाला. जेवताना विचारायचे, "आज काय दिलं त्याने?" कचेरीत माझ्या टेबलाच्या खणाचं कुलूप अडकतं, एकदा येऊन बघा म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग 'तो तिची वाट बघतो' हे वाक्य आलं आणि ह्यांचा धीर सुटला.

"उद्या येतो आणि मॅडमना सांगतो, ही यायची बंद."

"मी नोकरी सोडणार नाही."

"मीच सांगतो ना!"

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत 'तुला हे बरोबर वाटतं का?' असं मला कोणी विचारलं नव्हतं. तिथे दिवसभर तेवढंच विचारत होते. ते मी कोणाच्या रुसव्यापायी सोडू?

दुसऱ्या दिवशी दुपारी हे खरंच दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारांची पेटी, चेहरा भांडायला आल्यासारखा.

मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "कोण आलंय गं?"

आमच्या कचेरीतल्या सगळ्या बायका नवऱ्याला अरेतुरे करतात. त्यांच्यात बसून जीभ सैल झाली होती, की रागाने सुटली, कोण जाणे.

"तो आलाय," मी म्हणाले.

ह्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. चार पायऱ्या उतरून वळणापलीकडे डोकावून आले.

"कुठाय?" ह्यांनी मला विचारलं. "कोण आलाय?"

"तू आलायस."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना 'तू' म्हणत होते. क्रियापदाला अगदी चिकटवून बसवलं होतं त्यांना.

मॅडमनी आता मान वर केली. "काही काम होतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी पेटी खाली ठेवली.

"खणाचं कुलूप अडकतं," ते म्हणाले, "असं ही म्हणत होती."